काडतुसाची लांबी आपल्या नळीला विचारून ठरवा

मा. संपादक,

पिस्तुलाची काडतुसे पुन्हा भरण्याविषयीच्या आपल्या लेखात ‘पुस्तकात दिलेली एकूण लांबी तंतोतंत पाळावी’ एवढेच सांगितले आहे. ते अपुरे आहे. ९ मिमी ल्युगर या पिस्तूल-काडतुसासाठी २९.६९ मिमी ही कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नाही. आणि भरणीच्या तक्त्यातला (कोणत्या गोळीला किती दारू, किती लांबी हे सांगणाऱ्या पुस्तकी तक्त्यातला) आकडा त्या एका गोळीचा आणि तक्ता करणाऱ्यांच्या चाचणीच्या नळीचा असतो. गोळी बदलली की तो तसाच उचलून चालत नाही.

गोल टोकाच्या गोळीचा पूर्ण व्यास मागे असतो, चपट्या किंवा पोकळ टोकाच्या गोळीचा बराच पुढे. त्यामुळे गोल टोकाची गोळी ज्या लांबीला आरामात बसते, त्याच लांबीला चपट्या टोकाची गोळी नळीच्या आट्यांवर (आतल्या पीळदार खाचांवर) जाऊन टेकते. मग स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मिटत नाही. न उडवलेले काडतूस बाहेर ओढावे तर कधी गोळी नळीतच राहते आणि दारू यंत्रणेत सांडते.

आपल्या नळीची मर्यादा काढायला दारू व प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) नसलेले एक काडतूस मुद्दाम लांब भरा. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून नळी बाहेर काढा, तोंड खाली धरा आणि काडतूस वरून सोडा. ‘टक्’ वाजून बूड नळीच्या मागच्या कडेशी समपातळीत आले पाहिजे, बोटाने फिरवल्यावर मोकळे फिरले पाहिजे आणि नळी उलटी करताच आपोआप पडले पाहिजे. अडकले तर लगेच गोळी आत दाबायला धावू नका. काळ्या मार्करने गोळी आणि पुंगळीचे (गोळी धरणाऱ्या पितळी नळकांड्याचे) तोंड रंगवून पुन्हा सोडा. शाई गोळीच्या खांद्यावर खरवडली तर लांबी जास्त आहे. पुंगळीच्या काठावर खरवडली तर दोष लांबीचा नाही, गोळी बसवण्यासाठी फाकवलेले तोंड नीट मिटलेले नाही. हा फरक न ओळखता काडतुसे आखूड करत जाणारे पुष्कळ.

दोष लांबीचाच असेल तर ०.१ मिमीच्या टप्प्याने आत बसवा. मोकळे पडू लागले की गोळी आणखी ०.३ ते ०.४ मिमी आत बसवा. मग मॅगझिन: टोक पुढच्या भिंतीला घासायला नको.

आखूड करण्याची किंमत मात्र मोठी असते. समजा गोळी १४.२ मिमी लांब आहे आणि काडतूस २८.६ मिमी. म्हणजे गोळीचे बूड पुंगळीच्या तळापासून १४.४ मिमीवर आले (पुंगळी किंचित आखूड-लांब असली तरी हा हिशेब बदलत नाही). तीच एकूण लांबी ठेवून १५.२ मिमीची गोळी घेतली तर ते १३.४ वर येते. ९ मिमीची अख्खी पुंगळी जेमतेम ०.८६ घनसेंमीची. त्या एका मिलिमीटरने गोळीखालची जागा सुमारे नवव्या हिश्श्याने घटते. दारू तेवढीच ठेवली तर दाब त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात चढतो, आणि या काडतुसाची नेहमीची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. म्हणून आपली लांबी तक्त्यापेक्षा कमी निघाली तर दारू तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून किंवा त्याहूनही खालून सुरू करावी.

शेवटी पुंगळीची गोळीवरची पकड. काडतूस मोजा, टोक लाकडी बाकावर अंगठ्याच्या जोराने दाबा, पुन्हा मोजा. लांबी ०.१ मिमीने जरी घटली तरी ती भरणी बाद. तोंड आणखी आवळून ही पकड येत नाही, उलट पितळ गोळीपासून सुटते. फाकवणी कमी करा आणि पुंगळी आवळणारी डाय (साचा) तपासा. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घेतल्यानेही गोळी आत सरकते, पण ते व्हर्नियर लावल्याशिवाय दिसत नाही.

— एक नेमबाज वाचक