नांदतं वाळवंट

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, ऑस्ट्रेलिया
१२ जुलै

प्रिय मंदा,

फोनवर तू म्हणालीस, "तिथे काय गं, नुसती वाळू." तेव्हा रेंज गेली आणि बोलायचं राहिलं, ते आता लिहिते.

इथून पश्चिमेला सुमारे ७०० किलोमीटरवर, गिब्सन वाळवंटात किविरकुरा हे पिंटुपी या मूळनिवासी लोकांचं गाव आहे. गेल्या महिन्यात कामानिमित्त तिथे गेले होते. भोवतालचा जवळपास ४२,००० चौरस किलोमीटर मुलूख २०१४ पासून संरक्षित आहे आणि त्यांचेच रेंजर तो राखतात.

गेल्या शतकात ही माणसं मिशनकडे, सरकारी वसाहतींकडे गेली, काहींना नेलं गेलं. मला वाटायचं, माणूस हटला की जनावरांना बरंच. झालं उलटंच. पूर्वी हे लोक शिकार करता करता स्पिनिफेक्स गवताचे लहान लहान तुकडे जाळत. ते थांबलं, गवत सलग माजलं आणि उन्हाळ्यात वीज पडली की वणवा आवरेना. आडोसा गेलेले जीव मग गोऱ्यांबरोबर आलेल्या, रानटी झालेल्या मांजरांच्या तोंडी.

आता रेंजर थंडीत पुन्हा तुकड्यातुकड्याने जाळतात. आणि तिथल्या वयस्क बायका! ठशांवरून मांजराच्या मागे भर उन्हात पायी जातात, ते दमेपर्यंत. मारलेलं मांजर भाजून खातात. मला आधी कसंसंच झालं, पण मांजर हे त्यांचं अन्नच आहे. १९८४ पर्यंत बाहेरच्या जगापासून दूर राहिलेलं नऊ जणांचं कुटुंब याच मुलखातलं. हे ज्ञान अंगात असलेली माणसं आजही हयात आहेत, मंदा.

त्यांनी मला चालापाचं बीळ दाखवलं. आपल्या सापसुरळीचाच हा मोठा, तांबूस भाऊबंद. सगळं कुटुंब मिळून बीळ खणतं, पिल्लं आईबापांजवळ राहतात आणि बाहेर सगळ्यांची शौचाची जागा एकच. तिथली ताजी विष्ठा बघून रेंजर ओळखतात, घर नांदतं आहे. बारीक दिसली तर पिल्लंही आहेत. त्या बिळापाशी मी किती वेळ उकिडवी बसून होते!

उत्तरेला ङुरुरपा या शेजारच्या मूळनिवासी मुलखाचे रेंजर आहेत. नामशेष झाला असं ज्याच्याबद्दल वाटत होतं, त्या रातपोपटासाठी त्यांनी गवतात ध्वनिमुद्रक ठेवले. २०२४ साली कळलं, तिथे ५० पर्यंत पक्षी असावेत. जुन्या, न जळलेल्या गवताच्या पोटात ते घरटं करतात, म्हणून आजूबाजूला आधीच जाळून वणवा अडवायचा.

या थंडीतली जाळणी अजून चालू आहे. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
शैला