दादा, आईच्या ओव्या वाचल्या

साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातले दादा,
स. न. वि. वि.

मी ती छोटा काळा लॅपटॉप फडक्यात गुंडाळून आणणारी बाई. २००९ सालचा, अ‍ॅटम प्रोसेसरचा. त्याला सीडी घालायला जागाच नाही. त्यातली विंडोज एक्सपी सुरू होता होता निळा पडदा यायचा. त्याआधी एका ठिकाणी मला सांगितलं होतं, "भंगारात द्या." तुम्ही मात्र पहिला प्रश्न विचारलात, "ताई, ह्यात तुमचं काय आहे?"

त्यात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ती म्हणत गेली आणि मी टाईप करत गेले, अशा अकरा फायली. आई आता नाही.

लॅपटॉप ठेवून जा, असं तुम्ही म्हणाला असतात तर मी ठेवून गेले असते. पण तुम्ही २ जीबीची रॅम बसवून दिलीत, हातात पेनड्राइव्ह दिलात आणि म्हणालात, "विंडोजच्या जागी लिनक्स घालू. घरी भावाच्या कॉम्प्युटरवर हा पेनड्राइव्ह तयार करा, अडलात की फोन करा." मी तर पहिल्याच पायरीला अडले. डाउनलोड केलेली लिनक्सची आयएसओ फाईल गाण्यासारखी पेनड्राइव्हवर कॉपी केली आणि लॅपटॉपने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा तुम्ही समजावलंत: ती फाईल म्हणजे अख्ख्या डिस्कचा ठसा. तो रूफससारख्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर उतरवावा लागतो, आणि इतक्या जुन्या बायोससाठी, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामसाठी, पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग मांडायची पद्धत) एमबीआरच हवी. दुसऱ्या खेपेला पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. फोटो पाठवला, तर तुम्ही लगेच म्हणालात, "तुम्ही ६४ बिटचं लिनक्स घेतलंत, हा प्रोसेसर ३२ बिटचा आहे." रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मागून तुमच्या घरच्या ताटांचा आवाज येत होता. तरी तुम्ही फोन ठेवला नाहीत.

तिसऱ्या खेपेला चालू करताच एस्केप दाबून धरलं, यादीतून पेनड्राइव्ह निवडला आणि एमएक्स लिनक्सचा पडदा उजळला. समोर इन्स्टॉलचं चिन्ह होतं, मी लगेच त्यावर जाणार होते. तुम्ही जवळजवळ ओरडलात, "थांबा! आधी ओव्या!" हार्डडिस्कला हात न लावता सगळं नुसत्या पेनड्राइव्हवरून चालतं, हे मला माहीतच नव्हतं. जुनी डिस्क उघडली, अकराही फायली दिसल्या. दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, एकेक उघडून पाहिली, आणि मगच तुम्ही डिस्क पुसू दिलीत. त्या एका "थांबा"साठी हे पत्र आहे, दादा. तो शब्द आला नसता तर माझ्याच हातांनी मी आईचा आवाज पुसला असता.

आता मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही बसवलाय. 'के' दाबलं की क, 'डी' दाबलं की अक्षराचा पाय मोडतो, बोटांना सगळं आठवतंय. काल मावशी आली होती. तिने आईच्या सांगायच्या राहिलेल्या चार ओव्या म्हटल्या, त्या बाराव्या फायलीत गेल्या.

रॅमचे पैसे तुम्ही घेतलेत, पण त्या दोन रात्रींचं काहीच घेतलं नाहीत. पत्राबरोबर तुमचा पेनड्राइव्ह परत पाठवतेय. चिकटपट्टीवर तुमच्या अक्षरात '३२ बिट' लिहिलेलं आहे, ते तसंच ठेवलंय. पुढच्या कुणाला तरी लागेल.

तुमची,
ओव्यांवाली ताई