मामा, तुम्ही आईच्या जागेवर पडून पाहिलंत

मामा, नमस्कार.

लातूरला तुमच्या दुकानात आमच्या गाडीच्या खिडकीचे पैसे देताना मी आभार मानायला लागले, तर तुम्ही हात झटकलेत. "काच तर साफ केली, त्यात काय एवढं," म्हणालात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या आरशाकडं वळलात. त्याला आता सहा महिने होत आले. मधे अख्खा पावसाळा गेला. काल रात्री परभणीत पुन्हा सर येऊन गेली आणि पहाटे मी उठून गाडीत जाऊन ती खिडकी पाहिली. दोन काचांच्या मधे काही नाही. पलीकडं आमच्या दारातलं कडुलिंब, पानन् पान दिसणारं. मग मला राहवेना. हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितेय, कारण चारचौघांना कळलं पाहिजे.

ज्यांना आमची गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आई तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं पडली. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. सगळा जन्म गंगाखेडजवळच्या शेतात गेलेला. मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं, त्यातलं परळी तिनं लहानपणी बैलगाडीतून जाऊन पाहिलेलं. औंढा आणि वेरूळ राहून गेलं होतं. "आता कुठलं होतंय," एवढंच ती म्हणाली होती, तेही एकदाच. पण ते माझ्या आणि भावाच्या डोक्यात बसलं. आम्ही दोघांनी पैसे गोळा करून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आधीच्या मालकानं तिचं फिरतं घर करून घेतलेलं. आत पलंग, छोटा ओटा, मागं संडास. खिडक्या बाहेरच्या देशातून मागवलेल्या, डबल काचेच्या. ऊन आणि रस्त्याचा आवाज आत कमी यावा म्हणून दोन काचा आणि मधे बंद हवा. पलंग अशा बेतानं होता की आई पडली की खिडकी तिच्या डाव्या हाताला. तिची मान तेवढीच वळते, डावीकडं. म्हणजे आईच्या वाट्याला जग होतं ते त्या तीन फूट बाय दीड फुटाच्या चौकोनात.

आणि तोच चौकोन पांढरा झाला.

पहिल्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यात वाफ दिसायला लागली. पुसली तर जाईना, आतून नाही आणि बाहेरून नाही. ती होती दोन काचांच्या मधे, जिथं बोट पोचत नाही. पुढं पुढं सकाळी सगळी काच दुधासारखी, उन्हं चढली की थेंबांचे ओघळ, आणि थेंब वाळले की चुन्यासारखे डाग. ऐन मे महिन्यात, बाहेर पारा बेचाळीसच्या वर असताना आईनं विचारलं, "धुकं पडलंय का गं?" मी सांगितलं, काचेत पाणी गेलंय. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शेतात पाणी न्हाई, अन् काचेत पाणी."

आम्ही हात बांधून बसलो नव्हतो, मामा. तुमच्याकडं यायच्या आधी वर्षभर हिंडलो. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपनं फोटो मागवले, तीन महिने झुलवलं आणि शेवटी सांगितलं की ही काच पॅकबंद येते, दुरुस्ती होतच नाही, अख्खी खिडकी नवी मागवा, एकेचाळीस हजार. एका खिडकीचे. धुकट झालेल्या दोन होत्या. दुसऱ्या एकानं बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन फासलं आणि पंधराशे घेतले. आतलं पाणी आतच कोंडलं, आणि होती त्यापेक्षा जास्त पांढरी झाली. तिसरा तर हातात ड्रिल घेऊन उभा होता, खाली छिद्र पाडतो, पाणी निथळून जाईल म्हणून. भावानं ऐन वेळी थांबवलं.

पण या तिघांचा मला राग नाही, खरंच नाही. एखाद्याला काम येत नसतं, एखाद्याला विकायचं असतं. राग चौथ्याचा आहे. तो भला सुशिक्षित, दुकानात एसी. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं, आई पलंगावर होती, तिच्यासमोरच म्हणाला, "आजींना तसंही काय बघायचंय? पडदा लावून टाका ना, छान दिसेल." आईचं बोलणं गेलंय, कान नाही गेले. तिनं डोळे मिटून घेतले. त्या दिवसानंतर तिनं खिडकीकडं मान वळवणंच सोडलं, छताकडं बघत पडायची. मला आजही ते वाक्य आठवलं की घशात काहीतरी अडकतं.

एप्रिलच्या शेवटी लातूरला मावशीकडं आलो होतो. बाजारातल्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात म्हणतात, त्यातला कुठला धरून आम्ही तुमच्या बोळात आलो ते आता मला सांगताही येणार नाही. मावशीच्या शेजाऱ्यांनी नुसतं "आरसेवाले मामा" एवढं सांगितलं होतं. पत्र्याचं शेड, भिंतीला टेकवलेल्या काचा, देवांच्या तसबिरी, काच घासायचं एक नमद्याचं चाक. मला वाटलं, इथं काय होणार.

तुम्ही खिडकीला हात लावला नाहीत. आधी कोपऱ्यातली बारीक छापलेली खूण वाचलीत, चष्मा कपाळावर नेऊन. "टफन काच हाय. हिला कापता येत न्हाई, भोक पाडता येत न्हाई. ड्रिल लावलं असतं तर ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे झाले असते." मग भावाला समजावून सांगितलंत, धुकं का येतं ते. दोन काचांच्या मधे कडेनं ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले. औषधाच्या डबीत पुडी असते ना, त्याच जातीचे. दिवसा उन्हानं मधली हवा फुगते आणि चिरेतून बाहेर पडते, रात्री गार झाली की आत ओढली जाते. "काच श्वास घेतीया बगा." आपले रस्ते, गाडीचे हादरे, कडेचं सील एकदा कुठं सुटलं की हा श्वास सुरू होतो. दाणे पितात, पितात, आणि भरले की मग पाणी काचेवर. वर्षभर ज्याला कुणी काय झालंय ते सांगितलं नव्हतं, त्या माझ्या भावाला तुम्ही पाच मिनिटांत शहाणं केलंत, आणि तोवर पैशांचं नावही काढलं नव्हतंत.

आणि मग तुम्ही विचारलंत, "हितं कोण झोपतं?"

आई बाहेर व्हीलचेअरवर सावलीला बसली होती. मी तिच्याकडं बोट केलं. तुम्ही तिच्यापुढं जाऊन वाकलात आणि म्हणालात, "माय, तुमच्या जागेवर जरा पडू का? काय दिसतं ते बगायचंय."

आई तुमच्याकडं बघतच राहिली. मग तिनं मान हलवली.

तुम्ही दाराशी चपला काढल्यात. खांद्यावरचा टॉवेल झटकून आईच्या उशीवर पसरलात, नीट, चारी कोपरे ओढून, तुमच्या केसांतली काचेची भुकटी तिच्या उशीला लागू नये म्हणून. आणि पडलात. मला विचारलंत, "मान किती वळते त्यांची?" मी दाखवलं. तेवढीच मान वळवून तुम्ही त्या पांढऱ्या काचेकडं बघत पडून राहिलात. एक मिनिट असेल, दोन असतील. कुणी काही बोललं नाही. उठलात तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "लई वंगाळ दिसतंय. काढून टाकू."

मामा, त्या वर्षभरात त्या खिडकीपुढं किती जण उभे राहिले. सगळ्यांनी उभ्यानं पाहिलं. मी पोटची पोर, मीसुद्धा उभ्यानंच पुसत होते. आईच्या उशीवर डोकं ठेवून तिथून काय दिसतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. ते तुम्ही पाहिलंत.

पुढचं काम कसं केलंत ते मला सगळं सांगता येणार नाही, भाऊ तुमच्या मागं मागं होता, त्याला विचारावं. खिडकी चौकटीतून काढून दोन्ही काचा वेगळ्या केल्यात आणि धुतल्यात, तेवढं मला कळलं. डाग होते त्यातले बरेच सिरियम ऑक्साईडची, म्हणजे काच घासायची, पावडर लावून नमद्याच्या चाकावर घासून गेले. एका काचेत वरच्या कडेला पाण्यानं काच खाल्ली होती, ते राहिलं आणि राहणार, हे तुम्ही आधीच सांगितलंत. नव्या दाण्यांची पिशवी अगदी शेवटपर्यंत फोडू दिली नाहीत, उघडी राहिली की हवेतलीच ओल पिऊन बसतात म्हणून. आणि म्हणालात, बरं झालं एप्रिलात आलात, कोरड्या दुपारीच काच बंद करावी, पावसाळ्यात केली तर ओलच आत कोंडते. आमच्या लातूरच्या कोरड्या उन्हाचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. २०१६ साली याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, कोरड्याला इथं कोण चांगलं म्हणणार?

खरी गोष्ट संध्याकाळची. काच बंद झाली होती, कडेनं बुटिल, म्हणजे चिकट रबरासारखा थर, आणि त्याच्यावर सीलंट भरून झालं होतं. आम्ही सगळे खूश. आरपार दिसत होतं, भावानं तर फोटो काढला. तुम्ही म्हणालात, थांबा. सीलंट अजून ओलं असलेली खिडकी दोघांना चौकटीपाशी धरायला लावलीत, टॉवेल पुन्हा उशीवर पसरलात आणि पुन्हा पडलात. आणि लगेच उठून बसलात.

खालच्या कडेपासून चार बोटं वर, आतल्या बाजूला, एक फिकट ओघळ होता. मी उभ्यानं पाहिलं, दिसला नाही. वाकून पाहिलं, दिसला नाही. तुम्ही मला पडायला लावलंत. आईच्या जागेवर पडून मी मान डावीकडं केली आणि तो बरोबर डोळ्यांसमोर आला. मी म्हणाले, जाऊ द्या हो मामा, एवढं चालतंय. तुमचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं. "तुम्हाला चालतंय. तुम्ही उठून जाल. त्यांना दिवसभर हेच बगायचंय."

आणि भरलेलं सगळं सीलंट काढलंत. काच पुन्हा उघडलीत. नवे दाणे पुन्हा भरलेत, आधीचे टाकून दिलेत. रात्रीचे नऊ वाजले होते. घरून जेवायला दोनदा बोलावणं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन्ही खिडक्यांचे मिळून चौतीसशे रुपये सांगितलेत. मी पुन्हा विचारलं, बरोबर धरलंत ना? दुसऱ्यांदा उघडल्याचे पैसे त्यात नव्हते. "ते माझ्या नजरेची चूक, त्याचे पैसे कसे घेऊ?" हमीचं विचारलं तर तेही सरळ सांगितलंत: "नव्यासारखी हमी मी देत न्हाई. दोन-तीन पावसाळे जावेत. परत धुकं आलं तर परत उघडू, घाबरू नका." एकेचाळीस हजार सांगणाऱ्यानं एवढं खरं एकदाही सांगितलं नव्हतं.

लोक म्हणतात, चांगली माणसं राहिली नाहीत. मीही म्हणायचे. आता वाटतं, ती आहेत, पण ती बोळात असतात आणि त्यांच्या दुकानावर धड पाटीसुद्धा नसते. त्यांना कुणी चांगलं म्हणायला लागलं की ती पुढच्या कामाला लागतात. माझ्या शाळेतल्या पोरांना मी तुमची गोष्ट सांगितली. एका मुलीनं विचारलं, "बाई, ते आजीच्या जागेवर झोपले, मग त्यांना काय दिसलं?" मी सांगितलं, आजीला काय दिसत नाही ते दिसलं. ती मुलगी मोठी होऊन कुठल्या का कामात पडेना, हे तिच्या लक्षात राहावं असं फार वाटतं.

परतीची वाट ऐका. आम्ही अंबाजोगाई, परळीवरून निघालो. काच बसवून तुम्ही आईला विचारलं होतंत, "माय, आता दिसूलालंय का?" तेव्हा ती काही बोलली नव्हती, नुसती बघत होती. अंबाजोगाई सोडेपर्यंत तिनं मान छताकडं फिरवली नाही. नांगरून पडलेली काळी रानं, एक फुललेला गुलमोहर, बांधावरची शेळी. परळी आली, थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, चिमण्या दिसल्या. तिनं डावा हात उचलून काचेवर ठेवला. गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर भावानं गाडी हळू केली. पात्रात पाणी थोडं, वाळूच जास्त. तिच्या ओठांची हालचाल मला आरशात दिसली, म्हणून मी मागं गेले. ती म्हणत होती, "गंगा." तीन वर्षांत तिचा इतका स्पष्ट शब्द मी ऐकला नव्हता. एकच हात चालतो, तोच तिनं कपाळाला लावला.

आषाढात आम्ही औंढ्याला जाऊन आलो. गाभारा खाली आहे, पायऱ्या अरुंद, आईला उतरवणं शक्य नव्हतं. आवारात खुर्चीवर बसून तिनं दर्शन घेतलं, मागच्या बाजूचा नंदी पाहिला, नामदेवांसाठी देऊळ फिरलं ती गोष्ट मी तिला पुन्हा सांगितली. येताना धो धो पाऊस. थेंब सगळे काचेच्या बाहेर होते. एकेक थेंब वरून निघायचा, वाटेत दुसऱ्याला मिळायचा, आणि आई बोटानं आतून त्याच्या मागं मागं जायची. मी तास दीड तास तिच्याजवळ बसून तेच पाहत होते.

एक सांगायचं राहिलं. तुमचा टॉवेल आमच्याकडंच आला. निघायच्या गडबडीत तो उशीवरच राहिला होता, गंगाखेडला पोचल्यावर लक्षात आलं. निळ्या काठाचा आहे. धुऊन, घडी घालून पलंगाखालच्या खणात ठेवलाय. दिवाळी झाली की मावशीकडं येतोय, तेव्हा घेऊन येते. आई बरोबर असेल. ती मधूनमधून खणाकडं बोट करून विचारते, दिलास का म्हणून.

तुमची,
परभणीची लेक