वेंधळेपणा नव्हे, एडीएचडी

महोदय,

खात्यात पैसे असूनही लाइट बिलाची तारीख हुकते. गड्ड्याच्या जत्रेतून मात्र नको त्या तीन वस्तू घरी येतात. जन्मभर ‘वेंधळा’ ऐकले, चाळिशीत एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि उतावळेपणा आवरणे अवघड करणारी मेंदूची जडणघडण) असल्याचे कळले. आता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी हप्ते आपोआप कापले जातात. खर्चाचे खाते वेगळे, यूपीआय फक्त त्यालाच जोडलेले. (पासबुक कुठे आहे ते मात्र विचारू नका!)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचे वेगळे नाव नाही. सवलत मागतच नाही. बँकांनी हप्त्याआधी तीन दिवस मराठीत एका ओळीचा संदेश पाठवावा. कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत खरी सूचना आमच्या नजरेतून सुटते.

– एक वाचक, जुळे सोलापूर