मुरूड-जंजिरा सहल : शुक्रवारपर्यंत नावे द्या

मंडळी, नमस्कार. येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकातून निघायचं आहे. साडेपाच म्हणजे साडेपाचच. ‘आलोच, कोथरूड डेपोपाशी आहे’ चालणार नाही.

ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे दिघीला जाऊ. तिथून जंगलजेटीत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या मोठ्या बोटीत, गाड्या चढवून खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरायचं. पोरांना ही फेरीच जास्त आवडेल, असा माझा अंदाज.

किल्ल्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. वारा-भरती बघूनच त्या सुटतात, त्यामुळे नावाड्याशी हुज्जत घालू नये. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही! पायऱ्यांपाशी होडी हेलकावते, तेव्हा उतरताना एक हात मोकळा हवा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी धक्क्यावरच थांबलेलं बरं. आत कलाल बांगडी तोफ आणि समुद्राच्या मधोमध असलेला गोड्या पाण्याचा तलाव चुकवू नका. शिवरायांचा पद्मदुर्ग दुरून दिसेल; तिथे यावेळी जाणार नाही.

मुक्काम मुरूडला, परतणं रविवारी रात्री. होडी लागणाऱ्यांनी आवळासुपारी ठेवावी. शाकाहारी जेवण कोणाला हवं ते नावासोबतच कळवा, खानावळवाल्या काकूंना आधी सांगावं लागतं.