दोषारोपपत्रासोबत वगळलेल्या पुराव्याचीही यादी हवी

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

साक्षीदार फितूर होऊन खटला ढासळला की एक मागणी हमखास निघते: दोन वकिलांनी झुंजायचे आणि न्यायाधीशाने अंपायरसारखे पाहायचे, ही पद्धत सोडा, फ्रान्ससारखा स्वतः तपास करणारा न्यायाधीश आणा. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणा सुचवणाऱ्या मलिमठ समितीनेही २००३ मध्ये तिकडचे काही घ्यावे असे सुचवले होते. घ्यावेच, पण ते पद नको. जर्मनीने ते १९७५ मध्ये मोडीत काढले, इटलीने १९८९ पासून. फ्रान्समध्ये उत्रो गावातल्या बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात अशाच तपासापायी निर्दोष माणसे दीर्घकाळ कोठडीत राहिली.

घेण्यासारखी आहे ती तिथली तपासाची फाइल. आरोपीच्या विरुद्धचे आणि त्याच्या बाजूचे, दोन्ही तिच्यात यावे लागते.

आपल्याकडे काय होते? समजा, वागळे इस्टेटमधल्या मारामारीत सात जबाब झाले. चौघांनी आरोपीला ओळखले, तिघांनी दुसऱ्याचेच नाव घेतले. सरकार पक्ष ज्यांना साक्षीदार म्हणून तपासणार, त्यांचेच जबाब दोषारोपपत्राला जोडणे बंधनकारक आहे. उरलेले तीन पोलीस ठाण्यातच राहू शकतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १६८ नुसार न्यायाधीश हवा तो प्रश्न विचारू शकतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४८ नुसार कोणालाही बोलावू शकतात. पण बोलावणार कोणाला? नावच समोर नाही.

न वापरलेले जबाब, कागद आणि मुद्देमालही यादीत दाखवा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले आहे. पोलीस नियमावलीत तसे बदल करण्यास राज्यांना सहा महिने दिले होते. तेव्हा गृह विभागाशी बोलून ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांपासून सुरुवात करा. यादीत अनुक्रमांक, जबाबाची किंवा जप्तीची तारीख, अधिकाऱ्याचे नाव, दोन ओळींचे वर्णन आणि वगळण्याचे कारण असावे. यादी नसेल तर सरकारी वकिलांनी छाननीतच दोषारोपपत्र परत पाठवावे.

सीसीटीव्हीची गोष्ट मात्र यादीने भागणार नाही. चित्रण साठवणाऱ्या यंत्राची (डीव्हीआर) हार्डडिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते, बहुतेक सोसायट्यांत काही आठवड्यांतच. दोषारोपपत्राला ६० किंवा ९० दिवस लागतात. तोवर बचावाच्या उपयोगाचे चित्रण पुसले गेलेले असते. म्हणून पहिल्याच आठवड्यात घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या तासाभरासह प्रत घ्यावी, हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा ओळख-संकेत) नोंदवावी, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही तेव्हाच करून घ्यावे.

खबऱ्याचे नाव फुटेल, ही पोलिसांची हरकत येईलच. जबाबातला तेवढा भाग वगळण्याची विनंती न्यायालयाला करण्याची सोय संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे.

आपले,
ठाणे व बेलापूर न्यायालयांत फौजदारी काम पाहणारे काही वकील