सोलर, आणि मीटरवरचं नाव

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसते "बरं" म्हणाले असते आणि आई रात्रभर जागी राहिली असती, म्हणून लिहिते. आपल्या स्लॅबवर सोलर बसवायचं ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे, बसवणाऱ्याला आगाऊ पैसेही दिलेत. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

बाबा, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली त्या रात्री वाफेचं मशीन लावायला तुम्ही गाडीवर मागे बसून तालुक्याला गेलात, हे दादाकडून कळलं. मला का नाही सांगितलं, ते विचारत नाही.

मी सगळं पाहिलं. युनिटमागे जादा पैसे भरून महावितरणकडून हरित वीज घेता येते. २०२१ मध्ये वीज नियामक आयोगाने ते ६६ पैसे ठरवले होते. पण तार तीच, डीपीही तीच. साधं सोलरही लाइन गेली की आपोआप बंद पडतं, खांबावरच्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून. म्हणून बॅटरीवालं घेतलं. बॅटरीला सबसिडी नाही, ती माझ्याकडून. पॅनलला सूर्यघर योजनेचे ६०,००० बाबांच्या खात्यात येतील. बसवणारा तीन किलोवॅट घ्या म्हणत होता, ७८,००० मिळतात म्हणून. दोघांच्या घराला कशाला? दोन किलोवॅटमध्ये चांगल्या उन्हात दिवसाला आठेक युनिट होतात. उरलेली वीज लाइनवर जाते आणि बिलातून वळती होते. मे महिन्यात पॅनल तापून थोडी कमी होईल, तेव्हा "फसवलं पोरीले" म्हणू नका.

आई, "कायले पाह्यजे बाप्पा इतका खर्च," हे मला इथून ऐकू येतंय. चंद्रपूरच्या मामींच्या पापडांवर कोळशाची राख बसायची, ते आठव. तुझ्या मिरच्या, सरगुंडे, कुरडया यांच्यासाठी पूर्वेची बाजू मोकळी ठेवायला सांगितली आहे. बाजाही तिथेच टाकता येतील. बाबा सप्तर्षी दाखवता दाखवता आमच्या आधी घोरायला लागायचे, ती जागा मी पॅनलला देईन का?

आता अवघड गोष्ट. ज्याच्या नावाचं मीटर, त्याच्याच नावाने अर्ज होतो. आपलं अजून आजोबांच्या नावावर आहे. बाबा, तुम्ही ते इतकी वर्षं का बदललं नाही, मला माहीत आहे. जुनी बिलं पेटीतच राहू द्या, त्यांना कोणी हात लावणार नाही. फॉर्म दादा आणेल. सही मात्र तुमचीच लागेल, आणि तुमचं मन होईपर्यंत मी बसवणाऱ्याला थांबवते. पण उन्हाळ्याच्या आत झालं तर बरं, एवढंच.

बाकी नीट ऐका. ओटीपी कोणीही मागितला तरी द्यायचा नाही, अगदी मीटरवाला म्हणाला तरी. पॅनल दादा धुवेल, सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी टाकायचं नाही. बाबांनी शिडी चढायची नाही. आईनेही नाही, त्या गुडघ्यांनी तर मुळीच नाही. वानरं आली तर खालूनच हाकला. बाबांचा दम्याचा पंप संपायच्या आधी दुसरा आणून ठेवा. आणि कुलरमध्ये पाणी भरताना पिन काढत जा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

तुमची,
छोटी